माशी, लक्ष्य आणि चाळिशी

चाळिशी उलटली की हजेरीपट हात लांब करून वाचावा लागतो, हा अनुभव बहुतेक शिक्षकांना असतो. रायफलने नेम धरणाऱ्याची अडचण याहून मोठी असते. त्याला मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचे लक्ष्य अशा तीन वस्तू एका रेषेत आणायच्या असतात.

आपल्या पोलिसांकडे अनेक वर्षे असलेली .३०३ ली-एनफिल्ड रायफल घ्या. तिची उघडी खाच डोळ्यापासून सुमारे अर्ध्या मीटरवर, तर माशी सुमारे एक मीटरवर येते. डोळा एका वेळी एकाच अंतरावरचे स्पष्ट पाहतो. तरुणपणी नेत्रभिंग लवचीक असल्याने नजर झटपट पुढेमागे करता येते. वयानुसार भिंग कठीण होते. लहानपणी सुमारे दहा सें.मी.वर असलेला निकटबिंदू साठीत सुमारे एक मीटरवर, म्हणजे थेट माशीपाशी जातो.

मग वाचनाचा चष्मा लावला तर? दूरचे नीट दिसणाऱ्या माणसाला +२ डायॉप्टरच्या भिंगातून अर्ध्या मीटरवरची खाच स्पष्ट दिसेल, पण माशी अंधुक आणि लक्ष्य त्याहून अंधुक दिसेल.

यावर उपाय आहे एक छोटे भोक. दुसऱ्या महायुद्धातील ‘नंबर ४’ ली-एनफिल्डमध्ये खाचेऐवजी डोळ्याजवळ भोक आहे. ते स्पष्ट दिसण्याची गरजच नसते. त्याच्या धूसर कड्याच्या मध्यभागी डोळा माशी सहज आणतो. तीन वस्तूंच्या दोन झाल्या!

उरलेल्या दोन वस्तूंसाठी +०.५ डायॉप्टरचे भिंग वापरता येते. आता शिथिल डोळा दोन मीटरवर केंद्रित होतो. माशी आणि लक्ष्य दोन्ही अर्ध्या डायॉप्टरने, म्हणजे सारखेच चुकतात. ही चूक किती जाणवेल हे प्रकाशशलाकेच्या रुंदीवर ठरते. बाहुली ४ मि.मी. उघडी असेल, तर ५० मीटरवरचा बिंदू १० सें.मी. पसरट दिसेल. १.२ मि.मी.च्या भोकातून तोच पसरटपणा ३ सें.मी. होतो. मात्र भोक १ मि.मी.पेक्षा लहान केले, तर उजेड कमी पडतो आणि विवर्तनामुळे प्रतिमा पुन्हा पसरू लागते.

हे वर्गात रायफलीशिवाय दाखवता येते. पोस्टकार्डाला टाचणीने भोक पाडा. चष्मा काढून, भरपूर उजेडात, भोक डोळ्याशी धरून वर्तमानपत्र वाचा. अक्षरे मंद, पण रेखीव दिसतील. (भोकातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये.)

भोक नेत्रभिंगाला तारुण्य देत नाही, फक्त त्याचे काम हलके करते. म्हणूनच भोकातूनही अक्षरे अंधुकच राहिली, तर दोष निव्वळ चष्म्याच्या नंबराचा नसण्याची शक्यता असते. मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा विकारही असू शकतो. अशा वेळी नवा चष्मा घेण्याआधी नेत्रतज्ज्ञांना अवश्य भेटावे.