थंडीच्या पहाटे इंजिन अडू नये म्हणून

पौष महिन्यात निफाड, दिंडोरी या द्राक्षपट्ट्यात पारा झपाट्याने उतरतो. कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात कित्येक हिवाळ्यांत किमान तापमान ५ अंश सेल्सियसच्याही खाली नोंदले गेले आहे. अशा रात्री द्राक्षबागेस पहाटे पाणी द्यावे, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असते. ते जमिनीत मुरले म्हणजे बागेतील गारठा काही अंशी कमी होतो आणि मणी तडकण्याचे भय टळण्यास मदत होते.

परंतु नेमक्या त्याच वेळी वीज नसली म्हणजे सारी भिस्त डिझेल इंजिनावर येते. दुपारी दोन हँडलांत सुरू होणारे इंजिन पहाटे चार वाजता दहा वेळा फिरवूनही दाद देत नाही. सायलेन्सरमधून नुसता पांढरा धूर निघतो. सूर्य वर आल्यावर इंजिन सुरू झाले, तरी त्या रात्रीचे नुकसान होऊन गेलेले असते. वर्षभर जोपासलेल्या बागेचे हित अशा वेळी एका इंजिनावर अवलंबून राहते. म्हणून हिवाळ्यात इंजिनाची निगा हा पीकसंरक्षणाचाच एक भाग समजावा.

इंजिन का अडते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्शाइतके दाबतो. त्या दाबाने हवा अतिशय तापते आणि नोझलमधून आलेले डिझेल तिच्यात आपोआप पेट घेते. थंडीत मुळात हवाच गार असते. सिलिंडरचे गार लोखंड तिची उष्णता शोषून घेते. इंजिन सावकाश फिरले, तर दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटते. मग डिझेल जळत नाही; त्याची वाफ होऊन पांढरा धूर तेवढा बाहेर पडतो.

इंजिन सावकाश फिरण्यास दोन कारणे असतात. थंडीने वंगण तेल घट्ट होते, त्यामुळे ते फिरविण्यास जोर अधिक लागतो. त्याच वेळी बॅटरीचा जोर मात्र कमी झालेला असतो. शून्य अंशाच्या आसपास तिची क्षमता उन्हाळ्यातील क्षमतेपेक्षा सुमारे एक पंचमांशाने घटते.

याशिवाय एक कारण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भारतीय मानकात डिझेलचे उन्हाळी व हिवाळी असे दोन प्रकार मानले आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मिळणाऱ्या डिझेलचा प्रवाहांक ३ अंशांपर्यंत, तर इतर महिन्यांतील डिझेलचा १५ अंशांपर्यंत असू शकतो. प्रवाहांक म्हणजे ज्या तापमानाच्या खाली तेल वाहत नाही, ते तापमान. सप्टेंबरात पिंपात भरून ठेवलेले डिझेल म्हणूनच कडक थंडीत गढूळ होऊन गाळणीत अडकू शकते. जुना साठा दिवाळीपूर्वी संपवावा व हिवाळ्याकरिता नवे डिझेल घ्यावे.

आदल्या सायंकाळची तयारी

पहाटेची अडचण बहुधा आदल्या सायंकाळीच दूर करता येते. थंडीची लाट येणार असल्याचे कळताच दिवस मावळण्यापूर्वी इंजिन एकदा सुरू करून पाहावे. दोष असलाच, तर तो उजेडात आणि मिस्त्री भेटण्याच्या वेळेत कळतो.

टाकी भरून ठेवावी. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री दव धरून त्याचे पाणी डिझेलात उतरते. गाळणीच्या तळाशी साचलेले पाणी सोडून द्यावे. बॅटरीच्या टोकांवरील पांढरा थर कोमट पाण्याने धुऊन, टोके कोरडी करून घट्ट आवळावीत व त्यांवर व्हॅसलिनचा हात फिरवावा. वंगण तेल बदलताना निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घ्यावे. डब्यावर ‘१५ डब्ल्यू ४०’ किंवा ‘२० डब्ल्यू ४०’ असे लिहिलेले असते. यातील पहिला आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत पातळ राहते.

इंजिन थंड झाल्यावर त्यावर गोणपाट व वरून ताडपत्री घालावी. यामुळे ऊब पहाटेपर्यंत टिकेल असे नव्हे. तथापि वारा व दव यांपासून बचाव होतो. सायलेन्सर तापलेला असताना मात्र आच्छादन घालू नये.

पहाटेची रीत

शेतपंपाच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनास ऊब देण्याचे सर्वांत स्वस्त साधन विहिरीतच असते. बागेला ज्या पाण्याची ऊब मिळते, तेच पाणी पोहऱ्याने उपसून इंजिनाच्या पाण्याच्या पोकळीत भरावे. चुलीवर तापविलेले, हात सोसेल इतके गरम पाणी घातल्यास अधिक चांगले. उकळते पाणी मात्र कदापि ओतू नये. गार लोखंडास त्याने तडा जातो. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये कूलंट असल्यास ते काढून पाणी भरू नये.

त्यानंतर डिकॉम्प्रेशन लिव्हर उघडून इंजिन आठ-दहा वेळा फिरवावे, म्हणजे घट्ट झालेले तेल सुटते. मग वेग घेऊन लिव्हर सोडावा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. इंजिनाने उलट झटका दिल्यास अंगठा किंवा मनगट मोडते. ट्रॅक्टरला हीटर प्लग असल्यास तो पुरता तापू द्यावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये व दोन प्रयत्नांमध्ये एक मिनिट थांबावे. सुरू झालेल्या इंजिनावर लगेच भार न टाकता ते तीन ते पाच मिनिटे मंद चालू द्यावे.

जिवावर बेतणाऱ्या चुका

तेलाच्या चेंबरखाली पाचट किंवा चिंध्या पेटवून इंजिन शेकणे अत्यंत धोक्याचे आहे. तेथे तेल ठिबकलेले असते व डिझेलची टाकी जवळच असते. हवेच्या गाळणीशी पेट्रोलचा बोळा धरणेही तितकेच घातक होय. इंजिनघराचे दार लावून आत शेगडी ठेवू नये किंवा इंजिन चालवू नये. कार्बन मोनॉक्साईड वायूला रंग नाही, वासही नाही; माणूस गुंगीतच दगावतो. थंडीमुळे गळ्यात मफलर व अंगावर शाल असते. तिचे टोक पट्ट्यात गेल्यास सोडविण्यास क्षणही मिळत नाही. इंजिनाजवळ जाण्यापूर्वी मफलर काढून ठेवावा, शाल उतरवावी.

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात पारा शून्याखाली कित्येक अंश उतरतो. तेथील ग्रँड फोर्क्स गावच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाच्या हेडमधील एका बोल्टच्या जागी बसणारा विजेचा तापक शोधून काढला. त्याचे पेटंट त्यांना १९४९ साली मिळाले. असे तापक अतिथंड प्रदेशांत आजही रात्रभर लावून ठेवतात. महाराष्ट्राच्या थंडीस त्याची गरज नाही. येथे स्वच्छ गाळणी, योग्य तेल, भरलेली बॅटरी व बादलीभर ऊन पाणी एवढे पुरते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दिवाळीनंतरच्या पहिल्या शेतकरी बैठकीत एखाद्या इंजिनावर ही सर्व कृती प्रत्यक्ष करून दाखवावी. हँडल धरण्याची रीत तर प्रत्येक तरुणाच्या हातून करवून घ्यावी. थंडीची लाट पूर्वसूचना देऊन येते. ती सूचना मिळताच सायंकाळचा एक तास इंजिनासाठी काढल्यास पहाटे पाणी वेळेवर सुटेल.