टाळू तेलाने भरत नाही

बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं की जुन्या बायका आधी विचारतात, "टाळू भरली का गं?" चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतही बाळाच्या उशाशी तेलाची वाटी असते. तेल खोबऱ्याचं असो, तिळाचं असो की मोहाच्या बियांचं, ते कवटीच्या आत जात नाही आणि त्याने हाडं जुळतही नाहीत. मागची छोटी तिकोनी टाळू दोन-तीन महिन्यांत आपोआप बुजते. पुढची, शंकरपाळ्याच्या आकाराची, बहुतेक बाळांत ९ ते १८ महिन्यांत. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, दाबून जिरवू मात्र नका.

टाळू ही कवटीत राहिलेली उणीवही नव्हे. कपाळाची दोन, बाजूंची दोन आणि मागचं एक अशी ही सुटी हाडं मधल्या चिवट पडद्याने धरलेली असतात. कळांच्या जोराने डोकं आईच्या कटीतून उतरतं तेव्हा ती किंचित एकमेकांवर सरकतात, डोकं निमुळतं होतं आणि बाळाला वाट मिळते. आतून तपासताना नर्स याच फटी बोटांनी चाचपते आणि बाळाचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते ओळखते. जन्मलेल्या बाळाचं डोकं लांबट दिसतं ते यामुळेच. ते दाबून गोल करावं लागत नाही, काही दिवसांत आपलं आपण आकाराला येतं. जन्मानंतर वर्षभर मेंदू झपाट्याने वाढतो, त्यालाही ही मोकळीक लागते.

पण हाडं सरकायलाही मर्यादा असते. डोकं अडलं असताना पोटावर दाब दिला तर गर्भाशय फाटू शकतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, मग अडलेल्या बाईला दवाखाना गाठता येत नाही. अशा गावांतल्या गरोदर बाईने दिवस भरण्याआधीच दवाखान्याजवळच्या 'माहेरघरात' येऊन राहणं, हाच खरा उपाय.

टाळू उडताना दिसते ते नाडीचे ठोके, त्यात भिण्यासारखं काही नाही. भ्यायचं ते टाळू खोल गेली तर. डोक्यावरच्या आणि तोंडातल्या दोन्ही जागांना आपण टाळूच म्हणतो. कदाचित म्हणूनच 'टाळू पडली' की कुणी तोंडात बोट घालून ती वर ढकलतं. खरं तर जुलाब-उलट्यांनी बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. बाळ शांत असताना, उभं धरूनही टाळू फुगलेली आणि ताठ लागली, तर मेंदूज्वराची शंका घ्यावी लागते.

गावातल्या बाईला शिकवलं तर ती तान्ह्याचा जीव वाचवू शकते, हे गडचिरोलीनेच देशाला दाखवलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या; १९९५ नंतरच्या तीन वर्षांत तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात त्या याच वाटेने. टाळू खोल गेलेली किंवा फुगलेली दिसली तर बाळाला अंगावर पाजत राहा, आशाताईला हाक मारा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.