राखून ठेवलेला उजेड

जलरंगातील चित्रात उजेड कोठून येतो? तैलचित्रकाराजवळ दाट पांढरा रंग असतो. काळोखावरही तो उजेड चढवू शकतो. जलरंगाची रीत उलटी. तेथे रंग इतका पातळ असतो की प्रकाश त्यातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावरून परततो आणि आपल्या डोळ्यांस भेटतो. म्हणून जलरंगात उजेड रंगवावयाचा नसतो, राखावयाचा असतो.

या कलेचा नमुना म्हणून आपण टर्नर या इंग्रज चित्रकाराचे व्हेनिस पाहू. १८१९ साली तो या शहरी प्रथम गेला. शतकानुशतके समुद्रावर सत्ता गाजविलेले व्हेनिसचे प्रजासत्ताक नेपोलियनने १७९७ मध्ये बुडविले होते. टर्नर आला तेव्हा तेथे ऑस्ट्रियाचा अंमल होता. वैभव गेले होते. पाणी आणि प्रकाश तेवढे राहिले होते. सान जॉर्जो माज्जोरे बेटावरील पहाट त्याने वहीच्या पानाएवढ्या कागदावर उतरविली. पाण्याकाठचे देवालय म्हणजे निळसर सावलीचा एक पातळ थर! आकाश व पाणी यांवरून रंग जेमतेम फिरला आहे. कागदच तेथे पहाट झाला आहे. पुढे १८३३ व १८४० साली तो पुन्हा व्हेनिसला गेला.

परंतु ज्या प्रकाशाने चित्र जिवंत होते, तोच प्रकाश त्याला खातो. रंगाचा थर पातळ, म्हणून तो विटतोही लवकर. रसेल व ॲब्नी या शास्त्रज्ञांनी १८८८ साली आपल्या प्रयोगांचा अहवाल सरकारला दिला. प्रकाशाने अनेक जलरंग उडतात आणि दमट हवा त्या नाशास हातभार लावते, हे त्यातून स्पष्ट झाले. हेन्री व्हॉन या संग्राहकाने टर्नरची ३८ जलरंगचित्रे मृत्युपत्राने एडिंबरोच्या राष्ट्रीय चित्रशाळेस दिली. त्यांत व्हेनिसचीही आहेत. ती १९०० साली तिकडे गेली, पण एका अटीवर: वर्षातून फक्त जानेवारीत ती लोकांस दाखवावी. का? तिकडे त्या महिन्यात ऊन अगदी मंद असते.

कोणी म्हणेल, अकरा महिने पेटीत राहणारे चित्र काय कामाचे? आम्हांला वाटते, पुढच्या पिढीचा वाटा आज उधळू नये, एवढेच ही अट सांगते. आपल्या दिवाणखान्यात खिडकीसमोर एखादे जलरंगचित्र टांगलेले असेल, तर घरी गेल्यावर ते आतल्या, कोरड्या भिंतीवर हलवावे. चित्रकाराने राखलेला उजेड पुढे राखणे हे आता पाहणाऱ्यांचे काम आहे.