लेस्टरचा दिग्दर्शक आणि आपली माणसे

इंग्लंडातील लेस्टर शहराचे नाव आपल्या घरांतून अनेकदा निघते. १९७२ साली युगांडातून हाकलल्या गेलेल्या भारतीयांना याच शहराच्या नगरपालिकेने तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन 'येथे येऊ नका' असे कळविले होते. माणसे तरीही गेली. आज तेथे बेलग्रेव्ह रस्त्यावर दिवाळीच्या रोषणाईला हजारो लोक जमतात.

त्या शहरात २० जून १९४१ रोजी दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्स जन्मले. वडील डॉक्टर, आई समाजसेविका. आई ज्यू कुळातली, हे त्यांना कळले ते तिशी जवळ आल्यावर! (आजी मूळची कोणत्या गावची, हे आपल्याही किती घरांत विचारायचेच राहून गेले.) केंब्रिजला ते कायदा शिकले, पण वकिली केली नाही. लंडनच्या रॉयल कोर्ट नाटकगृहात आणि कारेल राइझ, लिंडसे अँडरसन यांच्या हाताखाली उमेदवारी केली. १९७१ साली 'गमशू' हा पहिला मोठा चित्रपट आला. त्यानंतर दहा-बारा वर्षे मुख्यतः दूरदर्शनवरच काम. पुष्कळ जण त्या कामाला दुय्यम मानतात. आम्हाला वाटते, लेखकाच्या शब्दांपुढे स्वतःची मिजास न मिरवण्याची सवय त्यांना तेथेच लागली.

ती सवय १९८५ मध्ये फळाला आली. हनीफ कुरेशी या तरुण लेखकाची 'माय ब्यूटिफुल लॉन्ड्रेट' ही कथा त्यांनी चॅनल फोरसाठी थोडक्या पैशांत चित्रित केली. दूरदर्शनसाठी केलेला हा चित्रपट एडिंबरोच्या महोत्सवात इतका गाजला की त्याला चित्रपटगृहांची दारे उघडली. लंडनमधला ओमर हा पाकिस्तानी वंशाचा मुलगा काकाचे मोडकळीस आलेले कपडे धुण्याचे दुकान चालवायला घेतो. सोबतीला जॉनी हा गोरा मित्र, जो पूर्वी परदेशीयांच्या विरोधात मोर्च्यात चालला होता. दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे. सईद जाफरी यांचा काका पैशाच्या मागे, तर रोशन सेठ यांचा बाप दारूत बुडालेला. तरी त्याचा एकच हट्ट, पोराने कॉलेजात जावे. हा बाप आम्हाला फार ओळखीचा वाटला.

'आमच्या लोकांचे वाईट का दाखवता?' अशी तक्रार तेव्हा झाली. आम्हीही पाहताना थोडे बेचैन झालो, हे कबूल करतो. पण तोवर इंग्रजी पडद्यावर आपल्यासारखा माणूस बहुधा दीन तरी असे, नाहीतर हसण्यापुरता. येथे तो लबाडी करतो, प्रेम करतो, दुकान रंगवून काढतो. कुरेशींच्या पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले. पुढच्याच त्यांच्या चित्रपटात, १९८७ साली, शशी कपूर होते.

'डेंजरस लिएझन्स' (१९८८), 'द क्वीन' (२००६) यांनी फ्रिअर्स जगप्रसिद्ध झाले. २०१७ साली त्यांनी राणी व्हिक्टोरिया आणि तिचा हिंदुस्थानी मुनशी अब्दुल करीम यांची गोष्ट सांगितली. २०२३ च्या सन्मानयादीत त्यांना 'सर' ही पदवी मिळाली.

जन्मगावाकडे मात्र ते चित्रपटांतून परतले. १९८७ साली लेस्टरचेच नाटककार जो ऑर्टन यांच्यावर, आणि २०२२ साली 'द लॉस्ट किंग'. राजा तिसरा रिचर्ड याच्या अस्थींचा शोध लावण्याचा ध्यास घेतलेल्या एका स्त्रीची ही कथा. आपल्या संशोधकांना यात कमी लेखले, असा आक्षेप लेस्टर विद्यापीठाने जाहीरपणे घेतला. तो वाद बाजूला ठेवू. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या राजाच्या अस्थी २०१२ साली सापडल्या त्या नगरपालिकेच्या समाजसेवा खात्याच्या मोटारतळाखाली.