पोरीनं पाणी शिकावं

 

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न येतो, पोरीला पुढं काय शिकवायचं? नर्सिंग, डीएड, नाहीतर पोलीस भरती. आज आम्ही आणखी एक वाट सांगतो. ती आपल्या बोडीच्या पाळीवरूनच जाते. पाण्याचं आणि पाण्यातल्या जीवांचं शास्त्र.

यात शिकायचं काय? एक रोजचं पाहू. कधी कधी पहाटे तलावातले मासे वर येऊन तोंड उघडतात. दुपारी तेच मासे ठणठणीत. असं का? पाण्यातली झाडं आणि शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतात. रात्री तो तयार होत नाही, पण मासे, झाडं आणि तळचा गाळ, सगळे वापरत राहतात. म्हणून सूर्य उगवायच्या आधी प्राणवायू सगळ्यात कमी असतो. त्यात धानाच्या बांधीतला युरिया वाहून आला, तर शेवाळ माजतं आणि पहाटे आणखी ओढ पडते. एका लिटर पाण्यात ५ मिलीग्रॅमच्या वर प्राणवायू असला, तर बहुतेक माशांचं बरं चालतं. तो मोजायचा कसा, कमी का झाला, आता करायचं काय, हे या शिक्षणात शिकवतात.

यातलं पुष्कळ आपल्याला आधीच ठाऊक आहे. आपल्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या बायांनी मामा तलावांमधली बेशरम उपटली आणि पाण्यातली देशी झाडं पुन्हा लावली. निमगावच्या शालू कोल्हे या कामात पुढे होत्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांची सोबत होती. पाण्यातली वनस्पती म्हणजे कचरा नव्हे. मासा तिथंच अंडी घालतो, पिल्लं तिथंच लपतात, हे ढिवर बाया जाणतात. पण तलावाचा निर्णय होतो तिथं कागद विचारतात, आकडे विचारतात. आपलीच पोर ते आकडे काढून बोलली, तर तिचं म्हणणं सहज उडवून लावता येणार नाही.

आता वाट ऐका. अकरावीला विज्ञान शाखा घ्यायची, आणि त्यात जीवशास्त्र हवंच. ते सोडलं तर हे दार बंद होतं. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन मत्स्यशास्त्राची पदवी करता येते. ती ४ वर्षांची आहे. नागपूरला तेलंगखेडीत मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. उदगीर आणि रत्नागिरीलाही आहे. त्यापुढं मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. १९६१ साली सुरू झालेल्या या संस्थेत जलीय पर्यावरण व्यवस्थापनाचं २ वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. त्यासाठी देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. घरापासून लांब पाठवणं जमत नसेल, तर जवळच्या कॉलेजात प्राणीशास्त्र, वनस्पतीशास्त्र घेऊन बीएस्सी आणि मग एमएस्सी करता येते. मात्र वर्सोव्याला जायचं, तर मत्स्यशास्त्राचीच पदवी लागते, हे आधी ध्यानात घ्या.

शिकून झाल्यावर मत्स्यव्यवसाय विभागात अधिकारी होता येतं, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम मिळतं, किंवा मच्छीमार संस्थांना सल्ला देता येतो.

पैशाचं काय? जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींसाठी निर्णय घेतला. घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर सरकारी प्रवेश फेरीतून मिळालेल्या व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या विमुक्तांसाठी शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र धरून चाला. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा. ऐन प्रवेशाच्या वेळी त्यासाठीच धावपळ होते.

बायांनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक प्रश्न विचारा, आपल्या गटात कोणाची पोरगी दहावीत आहे? तिच्या आईशी बोला. अकरावीचा फॉर्म भरायच्या आधी बोला. नंतर बोलून उपयोग नाही.

येतो आम्ही. नमस्कार.