खळबळ शमवण्याचे शास्त्र

प्रौढ माणसाला एचआयव्हीची लागण झाली की पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील विषाणू झपाट्याने वाढतात. मग प्रतिकारशक्ती जागी होते आणि त्यांची संख्या बरीच खाली आणते. त्यानंतर उपचारांविनाही माणूस काही वर्षे धडधाकट दिसू शकतो. आईकडून लागण झालेल्या बाळाला ही उसंत मिळत नाही. त्याच्या रक्तातील विषाणू महिनोन्‌महिने चढेच राहतात. उपचार न मिळालेल्या अशा बाळांपैकी सुमारे निम्मी दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात, असे आफ्रिकेतील अभ्यासांच्या २००४ सालच्या एकत्रित विश्लेषणात आढळले.

तरीही शंभरातील पाच ते दहा मुले औषधांविनाही वर्षानुवर्षे तगतात, नुसती तगत नाहीत तर निरोगी राहतात. ऑक्सफर्डचे फिलिप गोल्डर आणि त्यांच्या दक्षिण आफ्रिकेतील सहकाऱ्यांनी औषधांविना पाच वर्षांपुढे सुदृढ राहिलेल्या १७० मुलांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. या मुलांच्या रक्तात दर मिलिलिटरमागे हजारो विषाणू होते, पण विषाणू ज्यांच्यावर हल्ला करतो त्या सीडी-४ या प्रतिकारपेशींची संख्या निरोगी मुलांसारखीच होती. त्यांच्या प्रतिकारशक्तीने विषाणूवर तुफान हल्ला चढवलेला नव्हता. उलट तिच्यात खळबळच फार कमी होती. दीर्घकाळ जगणाऱ्या मोलाच्या स्मृतिपेशींवर विषाणूला आत शिरायला लागणारी सीसीआर-५ ही दारेही मोजकीच होती. आफ्रिकेतील सूटी मँगाबी माकडे आपल्या जातीचा असाच विषाणू अंगात वागवूनही आजारी पडत नाहीत. ही मुले त्यांच्या वाटेने गेलेली दिसली.

आईच्या शरीरात शिकून आलेला विषाणू

गर्भाची प्रतिकारशक्ती संयम शिकतच घडते. आईच्या पेशी आपल्याहून थोड्या वेगळ्या असल्या तरी त्यांच्यावर तुटून पडायचे नाही, हा तिचा पहिला धडा असतो. विषाणूच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. प्रतिकारशक्तीच्या मारक पेशी विषाणूचे तुकडे ओळखतात ते एचएलए नावाच्या प्रथिनांच्या आधारे, आणि या प्रथिनांची निम्मी जनुके बाळाला आईकडूनच मिळतात. आईच्या मारक पेशींना चुकवण्यासाठी तिच्या शरीरात वर्षानुवर्षे रूप बदलत आलेला विषाणू बाळाच्या निम्म्या शस्त्रांना आधीच ओळखून असतो. तो घरभेद्यासारखा शिरतो. असे बदललेले विषाणू आईकडून मुलाकडे जसेच्या तसे जातात, हे गोल्डर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले होते.

पण बालशरीर दुबळे आहे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. एचआयव्हीच्या अनेक उपप्रकारांना निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे प्रौढांमध्ये तयार व्हायला सहसा काही वर्षे लागतात. नैरोबीतील काही बाळांमध्ये ती कितीतरी लवकर सापडल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दिल्लीच्या एम्समध्ये कल्पना लुथरा यांच्या गटाने लागण झालेल्या एका भारतीय मुलाच्या रक्तातून असेच एक प्रतिपिंड वेगळे केले. लहान मुलांच्या या क्षमतेतून उद्याची लस कशी घडवावी, याचे धागे मिळू शकतात.

लागण रोखण्याची विद्या

लागण होऊच न देणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे आणि तो आपल्या हातात आहे. काहीच केले नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. गरोदरपणात, बाळंतपणात आणि स्तनपानाच्या काळात नीट उपचार झाले तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधील चाचणीत झिडोव्ह्युडिन या एकाच औषधाने हे प्रमाण २५.५ वरून ८.३ टक्क्यांवर आले. पुढे स्तनपान करणाऱ्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरापिन देण्याची चाचणी इथिओपिया, युगांडा आणि भारतात झाली. भारतातील केंद्र होते पुण्यातले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालय. २००८ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा सहाव्या आठवड्यापर्यंतची नवी लागण जवळपास निम्म्यावर आली होती. स्तनपान थांबवणे परवडत नाही अशा घरांसाठी ही मोठी गोष्ट होती.

निजलेला विषाणू आणि बंगळूरची प्रयोगशाळा

ज्यांना लागण झालेलीच आहे त्यांचे काय? अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०१० मध्ये जन्मलेल्या एका बाळाला तिसाव्या तासापासून औषधे सुरू झाली. पुढे उपचार खंडित झाले, तरी सत्तावीस महिने विषाणू दिसला नाही. २०१४ मध्ये तो परतला. काही पेशींच्या जनुकांमध्ये तो निजून राहिला होता. रोजची गोळी कधीच थांबवता येत नाही, ती याच साठ्यामुळे.

हा निजलेला विषाणू जागा कशाने होतो, याचा शोध बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमित सिंग यांचा गट घेत आहे. पेशीतील ऑक्सिडीकरणाचा ताण थोडासा वाढला तरी विषाणू उठतो, असे त्यांना २०१५ मध्ये दिसले. या ताणाचे एक कारण हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्या पेशीत ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे सेलेनियमयुक्त विकर त्याचे पाणी करून टाकते. त्याच संस्थेतील गोविंदसामी मुगेश यांनी व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या अतिसूक्ष्म तारा हेच काम करतात, हे २०१४ मध्ये दाखवले होते. विकराची नक्कल करणाऱ्या अशा सूक्ष्मकणांना नॅनोझाइम म्हणतात. लोहाच्या ऑक्साइडचे कण असे वागतात, या चीनमधील यान शियुन यांच्या गटाच्या २००७ च्या शोधापासून या शाखेला वेग आला.

दोन्ही गट एकत्र आले. व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचे पातळ पापुद्रे एचआयव्हीग्रस्त पेशींत सोडल्यावर पेरॉक्साइड घटले आणि विषाणू जागा होणे रोखले गेले. नेहमीची औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या पेशींवर प्रयोग झाला, तेव्हा औषधे थांबवल्यावर होणारा विषाणूचा उठावही दबला. हे काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे सारे प्रयोगशाळेतील पेशींवर घडले आहे. व्हॅनेडियम शरीरात कुठे साठेल, बाळाला ते सोसेल का, हे तपासल्याशिवाय औषधाची भाषा करता येणार नाही. शिवाय प्रतिकारशक्तीची खळबळ आणि पेशीतील रासायनिक ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरी दोन्हींचा रोख एकाच दिशेला आहे. विषाणूला डिवचून बाहेर काढावे आणि मारावे, या विचारावर बरीच वर्षे मोठी भिस्त होती. दक्षिण आफ्रिकेतील ती मुले आणि बंगळूरचे पापुद्रे दुसरी शक्यता पुढे ठेवतात. शरीर शांत राखले तर विषाणूलाही शांत ठेवता येईल.

या शक्यतेचा सर्वाधिक लाभ मुलांनाच होणार आहे. चाळिशीत लागण झालेल्या माणसापुढे गोळ्यांची काही दशके असतात, तर जन्मतः लागण झालेल्या मुलीपुढे अख्खे आयुष्य असते: शाळा, वसतिगृह, नोकरी, लग्न, तिचे स्वतःचे बाळंतपण. नव्या उपचारांच्या चाचण्यांत मुलांचा क्रमांक प्रौढांनंतर, बऱ्याच वर्षांनी लागतो. या आजारात तो क्रम बदलायला हवा. आणि तोवर प्रत्येक गरोदर बाईची पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झालीच पाहिजे, कारण तिच्या बाळाला वाचवणारे औषध आज आपल्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.