डिस्क गोल्फ: सरळ जाणारा ड्रायव्हर निवडायचा कसा?

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमेल तेवढे गाळलेत.)

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. आपला एक श्रोता कॅलिफोर्नियात मास्टर्स करतोय. रविवारी मित्रांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये डिस्क गोल्फ खेळायला जातो. तो म्हणतो, “ताई, दुकानातला चांगला फास्ट ड्रायव्हर घेतला, स्पीड १२ वाला. पण दर वेळी डावीकडे वळतो आणि झाडात घुसतो. मित्राकडे एक जुनी, कडा झिजलेली डिस्क आहे, ती मात्र मी फेकली तरी सरळ जाते. दोष हातात आहे की डिस्कमध्ये?”

दोष कशातच नाही. जोडी जमत नाहीये, एवढंच. का जमत नाही, ते आज बघू.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटात. गोल्फसारखंच, पण चेंडूऐवजी डिस्क आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली बास्केट. कमीत कमी फेकींमध्ये बास्केट गाठायची. पहिला कायमस्वरूपी कोर्स १९७५ साली लॉस एंजेलिसजवळ ओक ग्रोव्ह पार्कमध्ये झाला. साखळ्यांची बास्केट एड हेड्रिक यांची, आणि १९७६ मध्ये पीडीजीए ही खेळाडूंची संघटनाही त्यांनीच सुरू केली. अमेरिकेत बऱ्याच सार्वजनिक बागांमध्ये हा खेळ फुकट खेळता येतो, त्यामुळे तिकडे गेलेली आपली मुलं सहज याच्या नादी लागतात. खिसा रिकामा असतानाचा उत्तम खेळ!

तुमच्यापैकी काही जण अल्टिमेट खेळत असतील. तिथली डिस्क १७५ ग्रॅमची, साधारण २७ सेंटिमीटर व्यासाची. डिस्क गोल्फचा ड्रायव्हर वजनाने जवळपास तेवढाच असू शकतो, पण व्यास २१ सेंटिमीटरच्या आसपास. कड रुंद आणि धारदार. ही तिरकी कड १९८३ च्या ‘ईगल’ या डिस्कमध्ये आली, डेव्ह डुनिपेस यांच्या डिझाइनमधून, आणि खेळच बदलला. हवा कापत जाणारी वस्तू आहे ही. गोल्डन गेट पार्कमध्ये लोक कुत्री फिरवायला येतात, लहान मुलं असतात. त्यामुळे ‘सरळ जाणं’ हा फक्त स्कोअरचा प्रश्न नाही. ही कड कुणाच्या कपाळावर बसली तर टाके पडतात.

आता आकडे. बहुतेक ड्रायव्हरवर चार आकडे छापलेले असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड. ही पद्धत इनोव्हा कंपनीने रुळवली, नंतर बाकीच्यांनी उचलली. एक गोष्ट लक्षात ठेवा, हे आकडे कंपनीच ठरवते. पीडीजीए डिस्कचं वजन, व्यास, कडेची रुंदी तपासून मान्यता देते, ती कशी उडते यावर शिक्का मारत नाही. त्यामुळे एका कंपनीचा ७ आणि दुसरीचा ७ तंतोतंत सारखे असतीलच असं नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज स्पीडबद्दल आहे. स्पीड १२ म्हणजे डिस्क जास्त वेगात जाईल असं नाही हो! ती नीट उडायला तुमच्या हाताने तेवढा वेग द्यावा लागतो, असा त्याचा अर्थ. पाचव्या गिअरमध्ये घाट चढायला घेतला तर गाडी काय करते? तेच इथे होतं.

का होतं, त्यासाठी भोवरा आठवा. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग जास्त असताना हवा तिचं नाक खाली दाबू बघते, वेग कमी झाला की वर उचलू बघते. पण फिरणाऱ्या वस्तूला एका बाजूने ढकललं की परिणाम तिथे दिसत नाही, पाव फेरा पुढे दिसतो. म्हणून नाक खाली दाबलं की डिस्क उजवीकडे कलते, हा टर्न. नाक वर उचललं की डावीकडे कलते, हा फेड. डावखुरे आणि फोरहँडवाले, तुम्ही हे सगळं आरशात बघा.

आता आपल्या मित्राची डिस्क. समजा ती इनोव्हाची ‘डिस्ट्रॉयर’ आहे: १२, ५, उणे १, ३. जोरदार हाताने फेकली तर आधी किंचित उजवीकडे जाईल, बराच वेळ पुढे जाईल आणि शेवटी डावीकडे येईल. नवख्या हाताने फेकली तर टर्न होण्याएवढा वेगच मिळत नाही. उणे १ गायब. उरला फक्त ३, तोही हातातून सुटल्या सुटल्या. झालं, झाड!

म्हणजे ‘सरळ’ हा गुण एकट्या डिस्कचा नाहीच. त्यात तुमच्या हाताचा वेगही मोजावा लागतो.

माझं मत विचाराल तर सरळ फेकीसाठी ६ ते ७ स्पीडच्या फेअरवे ड्रायव्हरच्या पुढे सुरुवातीला बघूच नका. यांची कड अरुंद असते, बोटांत नीट बसते, आणि कमी वेगातही त्या आपलं काम करतात. इथे दोन डिस्क समोरासमोर ठेवते, दोन्ही इनोव्हाच्याच. ‘लेपर्ड’: ६, ५, उणे २, १. ‘टीबर्ड’: ७, ५, ०, २.

कागदावर टीबर्ड सरळ वाटते, कारण टर्न शून्य. पण हात हळू असेल तर तिचा फेड आधीच सुरू होतो आणि ती हळूहळू डावीकडे सरकते. त्याच हाताने लेपर्ड फेकली तर उणे २ मधला थोडाच भाग लागू होतो, शेवटचा १ तो भरून काढतो, आणि ती बाणासारखी जाते. सहा महिन्यांनी हात सुधारला की चित्र उलटतं. लेपर्ड उजवीकडे वाहवायला लागते, आणि टीबर्ड जिथे दाखवाल तिथे जाते, फक्त शेवटी थोडी डावीकडे बसते. ते थोडं डावीकडे दर वेळी तेवढंच असतं, हे महत्त्वाचं. बारा वेळा जगज्जेता झालेल्या केन क्लायमो यांच्या नावाची टीबर्ड निघाली ती काही उगाच नाही.

या दोन्हींच्या मधलं काही हवं असेल तर इनोव्हाचीच ‘टीएल’ आहे, ७, ५, ०, १. किंवा ॲक्झिओमची ‘क्रेव्ह’, ६.५, ५, उणे १, १. लॅटिट्यूड ६४ ची ‘रिव्हर’ बऱ्याच जणांना आवडते, तिचा ग्लाइड ७ आहे. म्हणजे फार जोर न लावता लांब तरंगते. मला स्वतःला ती झाडांमध्ये नको वाटते. तरंगणारी डिस्क वाऱ्याचं ऐकते, आणि बास्केटच्या पुढेही निघून जाते. मोकळ्या मैदानात, वारा पडलेला असताना मात्र मजा आहे.

वाऱ्याचं निघालंच आहे तर: समोरून वारा आला की प्रत्येक डिस्क जास्त उजवीकडे वळते, मागून आला की लवकर डावीकडे पडते. सॅन फ्रान्सिस्कोत दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. तेव्हा वाऱ्याच्या तोंडावर टीबर्ड, वारा पाठीशी असेल तर लेपर्ड. वजन हलकं, समजा १६० ते १६८ ग्रॅम, असेल तर नवख्या हाताला वेग देणं सोपं जातं, पण वाऱ्यात ती भरकटते.

आता ती मित्राची झिजलेली डिस्क. स्वस्त प्लॅस्टिक, इनोव्हाच्या भाषेत ‘डीएक्स’, झाडांवर आपटून आपटून मऊ पडतं. कडेचा आकार बदलतो आणि डिस्कची डावीकडे पडायची ओढ कमी होत जाते. म्हणून नवीन असताना डावीकडे जाणारी टीबर्ड वर्षभराने सरळ जाते, आणखी झिजली की उजवीकडे. ‘स्टार’ किंवा ‘चॅम्पियन’ प्लॅस्टिक महाग, पण स्वभाव बराच काळ टिकवतं. कित्येक अनुभवी खेळाडू एकाच मॉडेलच्या नव्या, अर्ध्या झिजलेल्या आणि पार जुन्या अशा तीन डिस्क बाळगतात. आपल्याकडच्या लोणच्यासारखं, मुरलेलं वेगळं आणि ताजं वेगळं. सेकंडहँड डिस्क घेताना हे बघा, वरचा आकडा नव्या डिस्कचा असतो.

तुलना कशी करायची? दोन डिस्क घ्या, शक्यतो एकाच वजनाच्या आणि एकाच प्लॅस्टिकच्या. मोकळ्या मैदानात प्रत्येक डिस्क दहा वेळा फेका. आणि सगळ्यात लांब गेलेली फेक विसरून जा! व्हिडिओ तिचाच काढावासा वाटतो, माहितीये. पण बघायचं हे, की सगळ्यात वाईट फेक ओळीपासून किती बाजूला पडली. जिच्या वाईट फेकी ओळीच्या जवळ पडतात, ती तुमची डिस्क. फेकताना नाक वर जाऊ देऊ नका, कारण नाक वर असेल तर कुठलीही डिस्क चढते आणि डावीकडे कोसळते. मग तुम्ही डिस्कची तुलना करत नाही, मनगटाची करताय.

आणि ड्रायव्हरच हवा असं तरी कुठे आहे? २०२१ च्या जागतिक स्पर्धेत, युटामधल्या ऑग्डेनला, शेवटच्या होलवर जेम्स कॉनरॅड एका फेकीने मागे होता. साधारण ७५ मीटरवरून त्याने डिस्क थेट बास्केटमध्ये टाकली, पॉल मॅकबेथशी बरोबरी केली आणि प्लेऑफ जिंकला. हातात होती ‘एन्व्ही’, एक पटर. ड्रायव्हर नव्हे. यूट्यूबवर बघा, अंगावर काटा येतो.

तर व्हॉइस नोटवाल्या मित्रा, स्पीड १२ वाली विकू नकोस. कपाटात ठेव. एक लेपर्ड घे, डीएक्समधली चालेल, त्यात फार पैसे जात नाहीत. ती सपाट फेकून नव्वदेक मीटर जायला लागली की कपाट उघड. तोवर फेकण्याआधी वाटेवर कोणी नाही ना बघ, डिस्क वळलीच तर जोरात ‘फोर!’ ओरड, आणि डिस्कच्या खालच्या बाजूला मार्करने फोन नंबर लिहून ठेव. झाडीत हरवलेल्या डिस्क बऱ्याचदा परत मिळतात.